आप्पाजींची मांडी

"यंदाच्या खंडेनवमीला गादीवर मीच! पूजेपासून दिवेलागणीपर्यंत! मांडी घालून! मधे एकदा जरी पाय लांब केला तर नावाचा आप्पाजी नवले नाही!"

ही घोषणा आप्पाजींनी बंगळुरातल्या चिकपेटेत भर बाजारात, दुकानाच्या पायरीवर उभं राहून केली. उभं राहून केली हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवसांत त्यांना बसायचीच पंचाईत होती! बसलं की उठता येत नसे, आणि उठताना उजव्या गुडघ्यातून असा आवाज येई की समोरचा तांब्या-पितळेचा दुकानदार दचकून आपली भांडी मोजायला लागे.

साल एकोणसाठ. नवल्यांचं रेशमी साड्यांचं आणि खणांचं दुकान चिकपेटेत पाच पिढ्या चाललेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही. दुकानात पांढरीशुभ्र गादी, त्यावर मालक. आणि त्या गादीचा एक नियम होता. तो आप्पाजींच्या आजोबांनी घालून दिला होता, आणि आजोबा गेले तरी नियम काही जायचं नाव घेत नव्हता.

नियम असा : खंडेनवमीला दुकानातल्या कापड मोजायच्या गजाची आणि कात्रीची पूजा व्हायची. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लागताना गादीवर मांडी घालून जो बसलेला असेल, त्याने गजाने पहिला खण मोजून फाडायचा. तोच वर्षभराचा मालक. ज्याला मांडी जमत नाही त्याने निमूट खुर्चीवर जायचं. आणि खुर्चीवर जायचं म्हणजे काय, तर दिवसभर सल्ले द्यायचे आणि ते कोणी ऐकायचे नाहीत! आप्पाजींचे वडील खुर्चीवर गेले तेव्हा आठ दिवसांत नोकर त्यांच्या अंगावर साड्यांचे गठ्ठे ठेवायला लागले होते. आप्पाजींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे खुर्चीचं नावही ते कुणाला काढू देत नसत.

धाकटे भाऊ खंडोजी टपूनच बसलेले. वयाने पाच वर्षांनी लहान, बोलणं लोण्यासारखं.

"अण्णा, स्वल्प विश्रांती घ्या की आता. गादीचं मी बघतो."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?"

"काही नाही हो. कालच तुम्ही उठताना दोन गिऱ्हाइकं धरायला धावली, म्हणून म्हटलं."

आप्पाजींनी उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. तिळाचं तेल झालं, एरंडाचं पान झालं, मिठाची पुरचुंडी झाली. देवनहळ्ळीच्या वैद्याने हिरवा लेप लावून पट्टी बांधली. आठव्या दिवशी ती ओढून काढली तेव्हा गुडघ्यावरचे केस गेले आणि दुखणं जागच्या जागी राहिलं. एका मोठ्या दवाखान्यात गेले, तर तिथले डॉक्टर म्हणाले, वाटी उघडू, आतलं खरडून साफ करू, मग तीन महिने पलंगावर. ते ऐकून आप्पाजी असे पळाले, की गुडघा दुखणारा माणूस एवढा पळतो कसा म्हणून डॉक्टर बघतच राहिले!

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी कल्लाप्पा कानाशी लागला. कल्लाप्पा म्हणजे बेळगावकडचा, दुकानात वीस वर्षं साड्या उलगडून दाखवणारा, विश्वासातला माणूस.

"मालक, किल्ल्याजवळ एक डॉक्टर आलाय. पुण्याचा. विलायतेत शिकलाय. चिरफाड करत नाही! गुडघ्यात एक सुई घालतो, बास. माणूस चालत घरी जातो!"

"तुला कुणी सांगितलं?"

कल्लाप्पाने जीभ चावली. "असंच... कळलं."

"खंडोजीला बोलायचं नाही हां! शपथ आहे तुला!"

कल्लाप्पाचा चेहरा का कोण जाणे अगदीच बिचारा झाला. पण आप्पाजी त्या वेळी चेहरे बघायच्या मनःस्थितीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच दोघे दवाखान्यात हजर. डॉक्टर विद्याधर तरुण, उत्साही, आणि आपल्या सुईवर त्यांचं भलतंच प्रेम!

"ऑपरेशन नको ना? नकोच मुळी! अहो, एवढ्यासाठी गुडघा उघडायचाच कशाला? आधी वरची जागा बधिर करायची. मग सुई थेट सांध्यात. आत साचलेलं पाणी ओढून घ्यायचं आणि त्याच सुईतून नवं विलायती औषध आत सोडायचं. टाका नाही, पलंग नाही. दहा मिनिटांत मोकळे!"

"दहा मिनिटं!" आप्पाजींच्या डोळ्यांत चमक आली. "पूजा दहाला आहे. द्या टोचून!"

सुई बघताच कल्लाप्पाने डोळे मिटून भिंतीकडे तोंड केलं. आप्पाजींनी रामनाम सुरू केलं, आणि तिसऱ्या रामाला डॉक्टर म्हणाले, "झालं!"

आप्पाजींनी पाय हलवून पाहिला. दुखेना! दुमडून पाहिला. दुखेना! टेबलावरून खाली उडी मारली. तरी दुखेना!

"अहो, हळू! आता नीट ऐका," डॉक्टर सांगत होते. "हे जे बरं वाटतंय ना, ते बधिर करायच्या औषधाने. ते चार-पाच तासांत उतरेल. मग काहींचा गुडघा एखादा दिवस उलट जास्तच ठणकतो. त्यानंतर खरं औषध लागू पडतं. आजउद्या पूर्ण विश्रांती हवी. आणि मांडी तर अजिबात..."

पण ऐकायला आप्पाजी होते कुठे? ते रस्त्याला लागलेसुद्धा! कल्लाप्पा चपला हातात घेऊन मागून धावत होता. डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्यातलं "बरं वाटतंय" एवढंच काय ते आप्पाजींच्या कानात शिरलं होतं.

दहाच्या ठोक्याला पूजा झाली. गजाला हळदकुंकू लागलं, कात्रीला झेंडूची माळ पडली. खंडोजी कोपऱ्यात हात बांधून उभे. आता अण्णा बसणार, मग आं-ऊं करणार, मग आपण पुढे होऊन हात देणार, असं सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं.

आप्पाजी गादीवर चढले. धोतर सावरलं. आणि भुईला हात न लावता झटक्यात मांडी घालून बसले!

खंडोजींचा जबडा खाली आला.

एवढ्यावर थांबतील तर ते आप्पाजी कसले! ते उठले आणि पुन्हा बसले. समोरचा तांब्या-पितळेवाला आला तेव्हा त्याच्यासाठी म्हणून परत उठले, परत बसले. फुलवालीला दाखवलं, पानवाल्याला दाखवलं. एका गिऱ्हाइकाने साडीचा भाव विचारला तर त्यालाही आधी मांडी दाखवली. बारा वाजेपर्यंत ते पंधरा-वीस वेळा तरी उठले-बसले असतील.

"काय खंडोजी? जेवून या तुम्ही. दमला असाल उभं राहून," आप्पाजी म्हणाले. आयुष्यात एवढा आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

आणि एकच्या सुमाराला गुडघ्यात काहीतरी टोचलं.

आधी वाटलं मुंगी असेल. मग वाटलं विंचू. मग गुडघ्यात कोणीतरी घण घालायला लागलं! आप्पाजींनी पाय हळूच सैल करायला पाहिला, तर पाय जागचा हलेना. उजवा गुडघा सुजून डाव्या पायावर असा काही बसला होता की मांडी सुटायला तयारच होईना. समोर खंडोजी पान चघळत टक लावून बघत होते. दिवेलागणीला अजून पाच तास! आप्पाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"अण्णा, जेवायला उठता ना?"

"आज... मी... गादी सोडणार नाही!" आप्पाजी दातओठ खाऊन म्हणाले आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

नेमकी त्याच वेळी बसवनगुडीहून आलेली एक बाई इरकली खण घ्यायला पायरी चढत होती. तिने समोर पूजा मांडलेली पाहिली, माळ घातलेला गज पाहिला, आणि डोळे मिटून अश्रू ढाळणारे मालक पाहिले. तिचे हातच जोडले गेले.

"अय्यो, एनु भक्ती! काय ही भक्ती!" ती बाहेरच्या बायकांना म्हणाली. "देवीच्या दिवशी जेवण सोडून बसलेत बघा! डोळ्यांत पाणी आहे!"

झालं! चिकपेटेत एकदा बातमी सुटली की तिला कोण धरणार? पहिल्या गल्लीत आप्पाजींना उपास होता, दुसऱ्या गल्लीत त्यांना समाधी लागली, आणि तिसऱ्या गल्लीपर्यंत ते गादीपासून चार बोटं वर उचलले गेले होते! माणसं यायला लागली. तांब्या-पितळेवाल्याने समई आणून लावली. फुलवालीने सगळी पाटी ओतली. बायका पाया पडायला रांगेत उभ्या राहिल्या. आता मांडी घातलेल्या माणसाचे पाय सापडणार कुठे? म्हणून जो तो भक्तिभावाने गुडघ्यालाच हात लावायला लागला.

"आई गं!"

"देवीला हाक मारतायत!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि रांग दुप्पट झाली.

हवालदार बसवंत काठी आपटत आला. "काय चाललंय? रस्ता कुणी अडवलाय?" तो आत शिरला, आप्पाजींचा घामाने डबडबलेला चेहरा पाहिला, आणि हळूच बूट काढून रांगेत उभा राहिला. त्याच्या बायकोला मूल होत नव्हतं. त्याने गुडघा चांगला दोन्ही हातांनी दाबला. आप्पाजींना दिवसा तारे दिसले!

इकडे खंडोजींच्या पोटात वेगळंच दुखायला लागलं. आज हे असे बसलेच, तर यंदाची नव्हे, मरेपर्यंतची गादी गेली! स्वामी झालेल्या माणसाला खुर्चीवर बसा म्हणायची छाती कुणाची होणार? काहीतरी करायलाच हवं होतं. दिवा लागताना आपणही गादीवर असलो तर निदान अर्धी तरी आपली!

"अण्णांच्या तपात माझाही वाटा!" असं खंडोजी मोठ्याने म्हणाले, गादीवर चढले आणि धप्पदिशी शेजारी मांडी घालून बसले.

बसताना जो आवाज झाला तो आप्पाजींच्या गुडघ्याचा नव्हता. खंडोजींचे डोळे एकदम पांढरे झाले.

"राम-लक्ष्मणाची जोडी!" गर्दी गहिवरली. वाजंत्री आली. कोणीतरी कोहळा फोडला. गादीवर आता दोन मांड्या आणि चार गुडघे झाले, आणि त्यांतले धड किती, हे फक्त देवाला आणि एका डॉक्टरला ठाऊक होतं!

"खंडोजी, तू ऊठ," आप्पाजी ओठ न हलवता पुटपुटले.

"तुम्ही आधी उठा."

"मी थोरला आहे. मी नंतर."

"अण्णा, मला... सरकताच येत नाहीये हो!"

अशा वेळी तानूबाई आल्या. तानूबाई म्हणजे आप्पाजींची बायको. नवरा जेवायला आला नाही म्हणून डबा घेऊन तरातरा निघालेल्या. दुकानापुढे ही शंभर माणसं! "काय झालं हो? आहेत ना ते?" म्हणत त्या गर्दीत घुसल्या. आत जाऊन पाहतात तर नवरा गळ्यापर्यंत फुलांत! पण चाळीस वर्षं संसार केलेली बाई ती. नवऱ्याच्या तोंडावरची भक्ती कोणती आणि कळ कोणती, हे तिला कोणी सांगायला नको होतं. आरतीचं तबक घ्यायच्या निमित्ताने त्या वाकल्या.

"उठता येत नाही ना?"

आप्पाजींनी पापणी मिटली.

"आणि भावोजींना?"

खंडोजींनीही पापणी मिटली.

तानूबाईंना हसू आलं, रडू आलं आणि मग राग आला. पण चारचौघांत नवऱ्याची शोभा होऊ द्यायची नाही, हे त्यांचं ठरलेलं. त्या वळून गर्दीला खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघता काय? दोघांना मिरवणुकीने न्यायचंय! आणा गाडी!"

खंडेनवमीला बंगळुरात गाड्यांचीही पूजा होते, मग गाड्यांना काय तोटा? केळीचे खांब बांधून सजवलेली एक हातगाडी दारातच उभी होती. आठ जणांनी दोन्ही भावांना गादीसकट उचललं, जशीच्या तशी मांडी, आणि गाडीवर ठेवलं. चाकाखाली पूजेचं लिंबू होतं. गाडी त्यावरून गेली, गचका बसला, आणि दोघे भाऊ एका सुरात किंचाळले! गर्दीही त्यांच्या पाठोपाठ तशीच किंचाळली, कारण तो जयजयकार आहे असं सगळ्यांना वाटलं.

"कुठे न्यायचं, अक्का?" गाडीवाल्याने विचारलं.

तानूबाईंनी कल्लाप्पाकडे नुसतं पाहिलं. कल्लाप्पाच्या सगळ्या शपथा तिथल्या तिथे गळून पडल्या. "किल्ल्याजवळ," तो म्हणाला. "सुईवाल्या डॉक्टरकडे."

डॉक्टर विद्याधर दवाखाना बंद करून निघत होते. बघतात तर वाजंत्री, फुलं, केळीचे खांब, मागे हवालदार, आणि गाडीवर दोन मूर्ती. ते हात जोडणार, एवढ्यात थोरली मूर्ती त्यांना ओळखू आली.

"आप्पाजी! मांडी! अहो, सकाळी मी कंठशोष करून काय सांगत होतो?" मग त्यांनी धाकट्या मूर्तीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आणि खंडोजी, तुम्हीसुद्धा? बुधवारी दोन्ही गुडघ्यांत सुया घेतल्यात ना? पंधरा दिवस मांडी घालणार नाही म्हणून शपथ घेऊन गेलात ना?"

वाजंत्री थांबली.

आप्पाजींनी मान वळवली. खंडोजींनी मान खाली घातली.

"दोन्ही?" आप्पाजी म्हणाले.

"दोन्ही," खंडोजी म्हणाले. "तुमचा एकच, पण त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, म्हणून मला वाटलं... तुम्ही खुर्चीवर जाल, मी दिव्यापुरता कसाबसा बसेन, मग सावकाश बरा होईन आणि..." त्यांनी आप्पाजींचा दंड धरला. "अण्णा, मलाही खुर्ची नको हो!"

"आणि तू रे?" आप्पाजी कल्लाप्पावर गरजले.

"मी काय करू, मालक! बुधवारी त्यांनी शपथ घातली, काल तुम्ही घातलीत!"

हवालदार बसवंत हळूच बूट घालायला लागला. गर्दी पाच मिनिटांत ओसरली. फुलवाली तेवढी आपली फुलं वेचून घेत मागे राहिली.

डॉक्टरांनी गरम पाण्याचे शेक दिले, गोळ्या दिल्या, आणि अर्धा तास बोटाबोटाने पाय सोडवून दोन्ही भाऊ सरळ केले. "घाबरू नका," ते म्हणाले. "दोन दिवसांत ठणका जाईल आणि औषध कामाला लागेल. तुम्ही चालाल, जिने चढाल, देवदर्शनाला जाल. पण मांडी विसरा. कायमची! या गुडघ्यांना सुई उपयोगी आहे, गादी नाही."

परतीच्या वाटेवर दोघे भाऊ त्याच हातगाडीवर पाय लांब करून बसले. अर्ध्या रस्त्यात आप्पाजींनी खंडोजींच्या गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी नीट करून दिली.

दुकानात आले तेव्हा उन्हं गेली होती. पलीकडच्या हॉटेलातून दोन खुर्च्या आणल्या. दोघे त्यांवर टेकले. गादी परत जागेवर अंथरली, गज वर ठेवला. दिवा लावायची वेळ झाली होती आणि गादी रिकामी! आजोबांनी नियम घातल्यापासून असं झालं नव्हतं. आप्पाजींचं तोंड एवढंसं झालं. खंडोजींना तर हुंदकाच आला.

"इरकली खण आहे का हो?" पायरीवरून आवाज आला. बसवनगुडीची ती बाई! बिचारी दुपारपासून थांबलेली. समाधी झाली, मिरवणूक झाली, पण तिचा खण राहिलाच होता.

"सरी, सरी, बरं, आहे की. या ना," तानूबाई म्हणाल्या. आजूबाजूला पाहिलं, तर खण काढून द्यायला कोणी जागचं हलेना. त्यांनी पदर खोचला, गादीवर चढल्या आणि मांडी घालून बसल्या. हात टेकला नाही, आवाज झाला नाही, काही नाही. चाळीस वर्षं जमिनीवर बसून भाकऱ्या थापणं, तांदूळ निवडणं, वाटणं-घाटणं केलेल्या बाईचे गुडघे ते! कल्लाप्पाने इरकली खणांचं ठाण पुढे टाकलं. त्यांनी गज धरला, खण मोजला, आणि टर्रकन फाडला.

त्याच क्षणी कल्लाप्पाने दिवा लावला.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबांचा नियम दोघांनाही तोंडपाठ होता.

"मालक, जांभळ्या खणांचा गठ्ठा काढू का?" कल्लाप्पाने विचारलं.

"काढ!" दोघे भाऊ एकदमच म्हणाले.

कल्लाप्पा हलला नाही. तो गादीकडे बघत उभा होता.

तानूबाईंनी खणाची घडी घालता घालता मान वर केली. "काढ. पण आधी या दोन खुर्च्या मागे घे बघू. गिऱ्हाइकाला यायला वाटच नाही!"